‘गिव्ह अप’ म्हणजे नेमके काय सोडणे?

अडलेला वाचक

नमस्कार. माझे इंग्रजी वाचन बरे आहे, परंतु लिहिताना क्रियापदाला चिकटून येणारे ‘अप’, ‘ऑन’, ‘इन’, ‘आउट’ हे छोटे शब्द मला दर वेळी गोत्यात आणतात. गेल्या आठवड्यात आमच्या गटाने तयार केलेला एक प्रस्ताव मी वरिष्ठांकडे पाठवला. कागद ‘वर दिला’ असे आपण सहज म्हणतो, तेव्हा ‘गिव्ह’ म्हणजे देणे आणि ‘अप’ म्हणजे वर, असा सरळ हिशेब करून मी परदेशातील सहकाऱ्यांना ‘वी हॅव गिव्हन अप द प्रपोझल’ असे कळवून मोकळा झालो. तासाभरात दोन उत्तरे आली. एकाने कारण विचारले होते आणि दुसऱ्याने इतक्या महिन्यांची मेहनत अशी वाया जाऊ देऊ नका, अशी कळकळीची विनंती केली होती. आम्ही त्या प्रस्तावावर चक्क पाणी सोडले आहे, असे मी त्यांना कळवले होते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले.

त्यानंतर शब्दकोश उघडला आणि ‘सोडणे, सोडून देणे’ हा अर्थ वहीत उतरवून घेतला. मात्र तेवढ्याने भागत नाही, असे दिसते. ‘शी गेव्ह अप हर सीट’ या वाक्यात तो अर्थ नीट बसतो; पण ‘द थीफ गेव्ह हिमसेल्फ अप’ या वाक्यात चोराने स्वतःला सोडून दिले, असे म्हटले तर अर्थ नेमका उलटा होतो. ‘डोंट गिव्ह अप ऑन मी’ यातील ‘ऑन’ कशासाठी आला आहे, हे मला उलगडत नाही. एकाने कोडे घातले असता दुसरा ‘आय गिव्ह अप’ म्हणाला; त्याने तिथे काय सोडले? आणि या सगळ्यावर कडी म्हणजे एका कार्यक्रमाचा निवेदक ‘गिव्ह इट अप फॉर द सिंगर’ असे म्हणाला, तेव्हा प्रेक्षक काही सोडून जाण्याऐवजी टाळ्या वाजवू लागले.

या सर्व अर्थांना जोडणारा एखादा धागा आहे का, की प्रत्येक अर्थ वेगळा पाठ करावा लागतो? शिवाय ‘गिव्ह अप’ नंतर ‘टू’ घ्यायचा की ‘आयएनजी’चे रूप, कर्म मध्ये ठेवायचे की शेवटी, आणि ‘गिव्ह इन’ याहून वेगळे कसे, हेही कोणी समजावून सांगितल्यास मी आभारी राहीन.

मुद्रितशोधक

धागा आहे, आणि तो सापडायला आपली मराठीच आडवी येते. आपले ‘सोडणे’ हे क्रियापद फार ऐसपैस आहे. आपण घर सोडतो, बाण सोडतो, कुत्र्याला मोकळे सोडतो, पाहुण्याला स्थानकावर सोडतो, पाणी सोडतो, गणित सोडवतो आणि रागावलेला मनुष्य कोणालाही सोडत नाही. यांपैकी एकाही ठिकाणी ‘गिव्ह अप’ चालणार नाही. घर सोडण्याला ‘लीव्ह’, बाण सोडण्याला ‘शूट’ किंवा ‘रिलीज’, पाहुण्याला सोडण्याला ‘ड्रॉप ऑफ’ अशी निरनिराळी क्रियापदे आहेत. म्हणून ‘गिव्ह अप म्हणजे सोडणे’ ही वहीतील ओळ चुकीची नसली, तरी ती आपल्याला फार मोठ्या मैदानात नेऊन एकटे उभे करते.

माझ्या मते स्वतःला विचारायचा प्रश्न असा आहे की, जे सुटले त्यावर आधी कर्त्याची मूठ होती का. ‘गिव्ह अप’ मध्ये नेहमी काहीतरी धरलेले असते आणि ते धरून ठेवणे कर्त्याला हवे असते, निदान त्याला त्याची सवय तरी झालेली असते. मग मूठ उघडते आणि ते हातातून जाते. ती बसायची जागा असेल, तर जागा दुसऱ्याला मिळते. ती सवय असेल, तर सवय सुटते: ‘ही गेव्ह अप स्मोकिंग’. तो प्रयत्न असेल, तर प्रयत्न थांबतो, आणि प्रयत्न हा संदर्भातून कळतच असल्यामुळे कर्म लिहिण्याचीही गरज उरत नाही: ‘शी ट्राइड फॉर अ‍ॅन अवर अँड देन गेव्ह अप’. कोडे ऐकणाऱ्याने उत्तर शोधण्याचा प्रयत्न धरून ठेवला होता. ‘आय गिव्ह अप’ म्हणताना तो ते शोधणे सोडतो. मराठीत तिथे आपण ‘हरलो बुवा, सांग आता’ असे म्हणतो. चोराने मुठीत धरले होते ते स्वतःचे मोकळे असणे. ते त्याने पोलिसांच्या हाती दिले, म्हणून ‘गेव्ह हिमसेल्फ अप’ म्हणजे तो आपण होऊन स्वाधीन झाला.

ही कसोटी लावली की कुठे ‘गिव्ह अप’ वापरू नये, तेही कळू लागते. पाऊस थांबला तर ‘इट स्टॉप्ड रेनिंग’ म्हणायचे; तिथे ‘गिव्ह अप’ चालत नाही, कारण पावसाने काही मनावर घेतलेले नव्हते. हातातून पेन पडले तरीही ‘गिव्ह अप’ चालत नाही, कारण ते सोडावे की नाही असा विचार झालाच नव्हता. नोकरीचे उदाहरण तर मोठे बोलके आहे. ‘शी लेफ्ट हर जॉब’ ही केवळ बातमी झाली, ‘शी क्विट हर जॉब’ यात थोडा ठसका आला. पण ‘शी गेव्ह अप हर जॉब’ म्हटले की तिला ती नोकरी प्रिय होती आणि आजारी आईची सेवा किंवा पुढील शिक्षण अशा कशासाठी तरी तिने ती सोडली, असे वाचणाऱ्याच्या मनात येते. नोकरीच्या अर्जात मागील जागेविषयी लिहिताना म्हणूनच ‘लेफ्ट’ हा साधा शब्द वापरावा, हे मी अनेकांच्या अर्जांचे मुद्रितशोधन करून झाल्यावर सांगत आहे.

टाळ्यांचा प्रयोग मात्र बाजूला ठेवावा. ‘गिव्ह इट अप फॉर’ म्हणजे अमक्यासाठी जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या. हा बोलीतील, व्यासपीठावरचा प्रयोग आहे, त्यातील ‘इट’ कशाचाही निर्देश करत नाही आणि तो ओढूनताणून वरील धाग्यात ओवण्यात काही अर्थ नाही.

कृदन्तप्रेमी

व्याकरणाचे दोन प्रश्न राहिले आहेत, त्यांची उत्तरे मी देतो.

‘गिव्ह अप’ नंतर क्रियापद आले तर ते ‘आयएनजी’ लावूनच येते. ‘आय गेव्ह अप टू स्मोक’ हे चूक, ‘आय गेव्ह अप स्मोकिंग’ हे बरोबर. गंमत अशी की मराठी आपल्याला इथे योग्य दिशेलाच नेत असते. ‘मी धूम्रपान करणे सोडले’ या वाक्यात ‘करणे’ हे धातुसाधित नाम आहे आणि ‘स्मोकिंग’ हेही तसेच नाम आहे. घोटाळा होतो तो शाळेत लागलेल्या एका सवयीमुळे. ‘टू गो’ म्हणजे जाणे, ‘टू रीड’ म्हणजे वाचणे, असे आपण इतक्या वेळा घोकलेले असते की ‘णे’ दिसला की लेखणी आपोआप ‘टू’ लिहिते. ‘णे’ची ही दोन कामे मनात वेगळी ठेवली की चूक होत नाही. आणखी एक सावधगिरी बाळगावी: ‘ही स्टॉप्ड टू स्मोक’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध असते, पण त्याचा अर्थ तो धूम्रपान करण्यासाठी थांबला, असा होतो. ‘गिव्ह अप’ला असा दुसरा मार्गच नाही, म्हणून एका अर्थी ते सोपे आहे.

कर्माच्या जागेविषयी सांगायचे तर सर्वनाम असेल तेव्हा ते मध्येच आले पाहिजे: ‘गिव्ह इट अप’. ‘गिव्ह अप इट’ असे कोणी म्हणत नाही. लहान नाम असल्यास दोन्ही चालते, म्हणजे ‘गिव्ह अप युअर सीट’ आणि ‘गिव्ह युअर सीट अप’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. कर्म लांबलचक असेल तर ते ‘अप’च्या नंतर ठेवावे, नाहीतर ‘गिव्ह’ पासून ‘अप’ इतका दूर पडतो की वाचणारा मध्येच ‘कोणाला दिले?’ असे विचारू लागतो. बोलताना सहसा ‘अप’वर जोर येतो. ‘गिव्ह’वर जोर देऊन ‘अप’ गिळून टाकला, तर ऐकणाऱ्याला नुसते ‘देणे’ ऐकू येण्याचा संभव असतो.

जुनी पाने

मूळ प्रश्न विचारणाऱ्यांना थोडा दिलासा द्यावा, असे वाटते. ‘गिव्ह अप’ म्हणजे एखादी गोष्ट वरच्याच्या हाती देणे, ही तुमची समजूत आजच्या इंग्रजीत फसली असली, तरी या क्रियापदाचा जुना अर्थ तिच्या बराच जवळ होता. पीटरबरो येथील मठात लिहिल्या गेलेल्या इतिवृत्तात 1137 सालच्या नोंदीमध्ये राजा स्टीफनने सॉल्झबरीचा बिशप रॉजर, लिंकनचा बिशप अलेक्झांडर आणि त्यांच्यासोबतच्या चान्सलरला कैदेत टाकल्याची हकिकत आहे. त्यांनी आपले किल्ले हवाली करेपर्यंत राजाने त्यांना कैदेत ठेवले, असे तिथे म्हटले आहे, आणि ‘हवाली करणे’ यासाठी वापरलेले शब्द म्हणजे ‘गेव्ह अप’चेच जुने रूप आहे. म्हणजे जवळपास नऊशे वर्षांपूर्वी हे क्रियापद किल्ल्यासारखी दगडाधोंड्यांची, डोळ्यांना दिसणारी वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देण्यासाठी वापरले जात होते. सवय, आशा, प्रयत्न या न दिसणाऱ्या गोष्टी सोडण्याचे अर्थ त्याच मुळातून फुटलेले समजले, तर ते लक्षात ठेवायला सोपे जाते. ताब्यात देण्याचा अर्थ आजही ‘गिव्ह अप’मध्ये शिल्लक आहे, फक्त त्याला नाइलाजाचा किंवा त्यागाचा वास येतो. तुम्ही प्रस्ताव आनंदाने दिला होता, आणि गफलत तिथेच झाली.

‘गिव्ह अप द घोस्ट’ हा वाक्प्रचारही पाहण्यासारखा आहे. येथे ‘घोस्ट’ म्हणजे भूत नव्हे. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ प्राण, आत्मा असा होता, आणि 1611 सालच्या इंग्रजी बायबलमध्ये तो वाक्प्रचार प्राण सोडणे याच अर्थाने आलेला आहे. आपल्या ‘प्राण सोडला’शी तो किती तंतोतंत जुळतो, हे पाहून मला पहिल्यांदा फार नवल वाटले होते. आज तो बहुधा थट्टेने, बंद पडलेल्या यंत्राविषयी वापरतात. ‘माय प्रिंटर हॅज गिव्हन अप द घोस्ट’ म्हणजे छपाईयंत्राने अखेर मान टाकली.

ज्यांना ही क्रियापदे छळतात त्यांची सोबत मोठी आहे, हेही जाता जाता सांगतो. सॅम्युएल जॉन्सनने 1755 साली आपला इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेत त्याने क्रियापदाला असे छोटे अव्यय जोडून अर्थ पालटण्याची ही रीत परकीयांना सर्वांत अवघड जाते, असे नमूद केले होते. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव तर पुष्कळ नंतरचे आहे. ते लोगन पिअरसल स्मिथ यांनी 1925 साली वापरात आणले, आणि ते आपल्याला ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवले, असे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे.

अडलेला वाचक

सर्वांचे मनापासून आभार. मुठीची कसोटी मला चांगलीच उपयोगी पडेल असे दिसते, आणि माझी चूक निदान बाराव्या शतकात तरी खपून गेली असती, हे वाचून बरे वाटले.

मी सरावासाठी काही वाक्ये केली आहेत. ‘आय हॅव गिव्हन अप ड्रिंकिंग कॉफी अ‍ॅट नाइट’, ‘दे गेव्ह अप द सर्च आफ्टर थ्री डेज’, ‘ही प्लेज द फ्लूट नो मोअर, ही गेव्ह अप इट’. तिसऱ्या वाक्यात ‘गेव्ह इट अप’ हवे होते, हे लिहून झाल्यावर ध्यानात आले. खोडून न टाकता मुद्दाम तसेच ठेवले आहे. आता ‘ऑन’चे कोडे तेवढे बाकी आहे. ‘गिव्ह अप द बुक’ आणि ‘गिव्ह अप ऑन द बुक’ यांत फरक आहे का? आणि ‘गिव्ह इन’चे काय?

दुभाषी

फरक आहे, आणि तो बारीक असला तरी चुकवून चालणारा नाही. ‘गिव्ह अप’ मध्ये ती गोष्टच हातातून जाते. ‘गिव्ह अप ऑन’ मध्ये त्या गोष्टीकडून असलेली अपेक्षा जाते. ‘आय गेव्ह अप द बुक’ असे कोणी म्हटले, तर त्याने ते पुस्तक कोणाला तरी देऊन टाकले असावे, असा भास होतो. ‘आय गेव्ह अप ऑन द बुक’ म्हणजे पुस्तक कपाटातच आहे, परंतु ते पुढे रंगेल ही आशा संपली आणि वाचन अर्धवट राहिले. माणसांच्या बाबतीत हा भेद जास्त टोकदार होतो. ‘शी गेव्ह हिम अप’ म्हणजे तिने त्याच्याशी असलेले नाते तोडले. गुन्ह्याच्या कथेत हेच वाक्य आले तर तिने त्याला पोलिसांच्या हवाली केले, असाही अर्थ होईल. ‘शी गेव्ह अप ऑन हिम’ म्हणजे तो सुधारेल ही आशा तिने सोडली. ती कदाचित त्याच्याबरोबर अजूनही राहत असेल. ‘डोंट गिव्ह अप ऑन मी’ या वाक्याचे भाषांतर करताना ‘मला सोडू नकोस’ असे मी कधीही करणार नाही. ‘माझ्यावरचा विश्वास सोडू नकोस’ किंवा, बोलणारा खचलेला असेल तर, ‘माझी आशा इतक्यात सोडू नकोस’ असे करीन. ‘ऑन’ असलेला हा प्रयोग फोडता येत नाही, म्हणजे सर्वनाम असले तरी ते शेवटीच येते. ‘गिव्ह हिम अप ऑन’ असे होत नाही.

भाषांतराचा विषय निघाला आहे म्हणून माझा अनुभव थोडा विस्ताराने सांगतो. मी सुरुवातीच्या काळात प्रत्येक ‘गिव्ह अप’साठी ‘हार मानणे’ लिहीत असे. ‘डोंट गिव्ह अप’ म्हणजे ‘हार मानू नका’. वाक्य चुकीचे नव्हते, पण माझ्या संपादकांनी एकदा समासात लिहिले, ‘यांच्या कथेत सगळेच सारखे हार कशी मानतात?’ ते वाचून मी वरमलो आणि मराठीत मूठ उघडण्याच्या किती तऱ्हा आहेत हे पाहू लागलो. खूप समजावूनही मूल ऐकत नाही, तेव्हा आई हात टेकते. एखाद्या गोष्टीच्या पाठीमागे लागून उपयोग नाही असे कळले, की आपण तिचा नाद सोडतो. संकटात धीर सुटला तर माणूस हातपाय गाळतो. हक्काचे काही जाऊ द्यायचे असेल तर त्यावर पाणी सोडतो, चढाओढीतून बाहेर पडायचे असेल तर माघार घेतो, सवयीला सोडचिठ्ठी देतो, आणि अपराधी असेल तर स्वाधीन होतो. या प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत ‘गिव्ह अप’ चालू शकते. मात्र हात टेकण्यात वैताग आहे, नाद सोडण्यात शहाणपण आहे, हातपाय गाळण्यात भीती आहे. इंग्रजी क्रियापद यांतील काहीच सांगत नाही. ते काम भोवतालच्या वाक्यांवर सोपवते. त्यामुळे इंग्रजीतून मराठीत येताना आधी पात्राच्या चेहऱ्याकडे पाहावे लागते आणि मगच क्रियापद निवडावे लागते. उलट दिशेने जाताना मात्र चैन आहे, कारण तिथे सगळ्यांना ‘गिव्ह अप’ पुरते. फक्त गेलेली छटा एखाद्या क्रियाविशेषणाने भरून काढावी लागते.

‘गिव्ह इन’ म्हणजे नमते घेणे. समोर कोणीतरी ताणत असते, हट्ट करत असते, दबाव आणत असते आणि शेवटी आपण त्याचे म्हणणे मान्य करतो: ‘द चाइल्ड केप्ट आस्किंग अँड द फादर गेव्ह इन’. तिथे ‘गेव्ह अप’ लिहिले, तर बाप मुलाला समजावण्याचा नाद सोडून निघून गेला, असेही चित्र उभे राहील. हट्ट पुरवला गेला की नाही, ते कळणार नाही. मोहाला बळी पडण्यासाठीही ‘गिव्ह इन टू’ हेच वापरतात. थोडक्यात, ‘गिव्ह इन’ला समोर कोणीतरी लागतो, ‘गिव्ह अप’ एकट्यानेही करता येते. कोड्याच्या वेळी म्हणूनच ‘आय गिव्ह अप’ म्हणायचे, ‘आय गिव्ह इन’ नव्हे.

मुद्रितशोधक

शेवटच्या वाक्यापुरती दुरुस्ती सुचवतो. ब्रिटिश इंग्रजीत कोड्याचे उत्तर येत नसल्याची कबुली देताना ‘आय गिव्ह इन’ असेही म्हणतात आणि तिकडच्या शब्दकोशांत तो अर्थ नोंदवलेला आहे. कोडे घालणारा समोर उभाच असतो, तेव्हा आपल्याच कसोटीला धरून तो प्रयोग योग्य ठरतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की मूळ प्रश्नातील वाक्याला जे हवे होते, ते ‘गिव्ह इन’च्या फार जवळ होते. ‘गिव्ह समथिंग इन’ म्हणजे अधिकारी व्यक्तीकडे एखादी वस्तू किंवा कागद सुपूर्द करणे, असा एक ब्रिटिश प्रयोग आहे. शिक्षकांकडे गृहपाठ देण्यासाठी तो सर्रास वापरतात. ‘हँड इन’ हा त्याचा अधिक परिचित भाऊ. कार्यालयीन पत्रात मात्र या दोन्हींपेक्षा ‘सबमिट’ बरा.

दुभाषी

दुरुस्ती मान्य आहे. तिथे माझे विधान फार ठाम झाले होते.

कृदन्तप्रेमी

एक गोष्ट मला या चर्चेत सारखी आठवत होती, ती सांगतो. आपण अशा इंग्रजी क्रियापदांना बिचकतो, पण मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला आपण याहून कमी छळत नाही. ‘त्याने नोकरी सोडून दिली’ हे वाक्य ऐकून माझ्या एका परदेशी विद्यार्थ्याने अत्यंत गंभीरपणे ‘कोणाला दिली?’ असे विचारले होते. ‘सोडून देणे’मधल्या ‘देणे’ने कोणाला काही दिले जात नाही, ‘फाडून टाकणे’मधल्या ‘टाकणे’ने काही टाकले जात नाही, आणि ‘बोलून बसला’ तेव्हा तो मनुष्य उभाही असू शकतो. आपल्या संयुक्त क्रियापदांत दुसरे क्रियापद स्वतःचा अर्थ बव्हंशी बाजूला ठेवते आणि क्रिया पुरी झाली, अविचाराने झाली, कायमची झाली, अशी काहीतरी छटा पहिल्या क्रियापदाला देते. इंग्रजीत तेच काम पुष्कळदा ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’ ही अव्यये करतात. ‘टेअर अप’ म्हणजे फाडून टाकणे, ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपवणे, ‘फाइंड आउट’ म्हणजे शोधून काढणे. या प्रयोगांत ‘अप’चा अर्थ ‘वर’ असा न घेता ‘टाकणे’सारखा घ्यावा. ‘गिव्ह अप’ आणि ‘सोडून देणे’ यांची जोडी तर विलक्षण आहे, कारण दोन्हीकडे ‘देणे’ आहे आणि दोन्हीकडे ते नावापुरते उरले आहे. फक्त इंग्रजीत ते पुढे बसले आहे आणि मराठीत मागे.

ही तुलना किती ताणावी, याला मर्यादा आहे. ‘ग्रो अप’ किंवा शब्दकोशात पाहण्यासाठी वापरले जाणारे ‘लुक अप’ यांना मराठीत अशी जोडी नाही, आणि ‘टाकणे’ दिसले की ‘अप’ लावायचे, असे समीकरण कोणी मांडले तर तो दुसऱ्या खड्ड्यात पडेल. ‘देऊन टाकणे’ याला ‘गिव्ह अवे’ म्हणतात, ‘गिव्ह अप’ नव्हे. तेथे मूठ खुशीने उघडलेली असते. गुपित फोडण्यालाही ‘गिव्ह अवे’च म्हणतात.

तुमच्या पहिल्या वाक्याविषयीही एक सूचना करतो. ‘आय हॅव गिव्हन अप ड्रिंकिंग कॉफी अ‍ॅट नाइट’ हे शुद्ध आहे, पण पेयाच्या सवयीबाबत ‘ड्रिंकिंग’ शब्द गाळून ‘गिव्हन अप कॉफी’ एवढेच म्हणणे अधिक स्वाभाविक वाटते. नुसतेच ‘गिव्हन अप ड्रिंकिंग’ लिहिले, तर मात्र लोक मद्याचा अर्थ घेतील आणि तुमचे अभिनंदन करतील.

अडलेला वाचक

‘ड्रिंकिंग’ काढून टाकतो; आणखी गैरसमज परवडणार नाहीत.

आज सकाळी सहकाऱ्यांना खुलासा पाठवला. त्यात ‘वी सबमिटेड द प्रपोझल लास्ट वीक; वी हॅव नॉट गिव्हन अप ऑन इट’ असे लिहिले. आधी नुसते ‘गिव्हन इट अप’ लिहिले होते, पण पुस्तकाचे उदाहरण आठवले आणि ‘ऑन’ घातला, कारण प्रस्ताव आमच्या हातातून गेला आहे हे खरेच आहे, आशा तेवढी आमच्याकडे आहे. ज्यांनी मेहनत वाया न घालवण्याची विनंती केली होती, त्यांचे एका ओळीचे उत्तर आले: ‘ग्लॅड टू हिअर इट. प्लीज डोंट.’

यातील ‘डोंट’च्या पुढे काय गाळले आहे, ते या वेळी कोणाला विचारावे लागले नाही.